डाव्या खांद्याचा पुरावा

केयूर पाध्येचा फोन न्यू जर्सीहून आला तेव्हा काशीत नुकतं उजाडलं होतं. त्याचे वडील ढुंढिराज पाध्ये पंचगंगा घाटावरून स्नान-संध्या आटोपून घरी परतले होते आणि ओलं धोतर दोरीवर टाकत होते. केयूरने खुशाली विचारली नाही.

"बाबा, अण्णा कधी गेले? मला कळवलं का नाहीत?"

ढुंढिराजांनी मागे वळून पाहिलं. त्यांचे वडील दिनानाथशास्त्री, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, खाटेवर बसून बशीत चहा ओतत होते. नव्वदी उलटली असली तरी बशी हलत नव्हती.

"कुठे गेले? इथे बसलेत. चहा पितायत."

"माझ्यापासून लपवू नका. मी डोक्यावरून आंघोळ करूनच फोन करतोय. फक्त सुतक कधीपासून धरायचं तेवढं सांगा."

मग हळूहळू उलगडा झाला. केयूरच्या ऑफिसातल्या एकाच्या बहिणीचं लग्न काशीत करायचं घाटत होतं. त्याने इंटरनेटवर तिथल्या एका हॉटेलचं पान उघडून केयूरला दाखवलं, तुमचं गाव म्हणून. पानाच्या वरच्या भागात गंगेत उभे असलेले, ओंजळीतून पाणी सोडणारे केयूरचे बाबा होते. आणि त्यांचं जानवं उजव्या खांद्यावर होतं.

जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं. पितरांचं कार्य करताना ते उजव्या खांद्यावर घेतात, त्याला अपसव्य म्हणतात. मात्र ज्याचे वडील हयात आहेत त्याने जानवं उजव्या खांद्यापर्यंत न्यायचं नाही, असं पाध्यांच्या घरात मुंजीपासून शिकवलेलं. केयूर गेली काही वर्षं संगणकाची नोकरी करत असला तरी हे विसरलेला नव्हता. बाबा अपसव्य दिसले, म्हणजे अण्णा गेले. त्याच्या दृष्टीने दुसरा अर्थ निघतच नव्हता. त्याने नागपूरच्या आत्यालाही कळवून टाकलं होतं.

अण्णांना प्रकार समजावून सांगायला थोडा वेळ लागला, कारण त्यांना कमी ऐकू येतं. समजल्यावर त्यांनी फोन मागून घेतला.

"मी बोलतोय. तेराव्याला काय बेत ठरवलाय? आवडीचं असेल तर थांबतो."

ढुंढिराजांना मात्र हसू आलं नाही. पंचगंगेवर त्यांची ओळख कडक कर्मठ म्हणून होती. ते तसेच निघाले आणि दोन गल्ल्या पलीकडे मधुवंती सप्रेच्या स्टुडिओत गेले. मधुवंती त्यांच्या मित्राची मुलगी. पासपोर्टचे, मुंजीचे, लग्नाचे फोटो काढून ती स्टुडिओ चालवायची आणि पहाटे नावेतून घाटावरच्या माणसांचे फोटो काढायची. तिने दुकानाची फळी अजून पुरती उघडली नव्हती.

"मधू, तू मला अपसव्य केलंस," ढुंढिराज म्हणाले.

"मी? काय केलं मी, काका?"

"साऱ्या अमेरिकेत दिसतंय. अण्णांना मारलंस तू."

काकांनी केयूरच्या फोनची हकिकत सांगितली तेव्हा मधुवंतीने गेल्या कार्तिकात काढलेला तो फोटो लगेच काढून दाखवला. सूर्याला अर्घ्य देणारे काका, कोवळं ऊन चेहऱ्यावर, तोंड डावीकडे, मागे पायऱ्या. जानवं जिथे हवं तिथे, डाव्या खांद्यावर. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने तिचं नाव. काकांनी तो फोटो बराच वेळ निरखला आणि म्हणाले की हा ठीक आहे, मग तो दुसरा कुठला?

तो दुसरा पाहण्यासाठी दोघं गोदौलियाच्या चौकात गेले. तिथे एका कपड्याच्या दुकानाच्या वर इंटरनेटचं दुकान निघालं होतं. तिथले लोक काकांना पाहून जरा सावरून बसले. हॉटेलचं पान उघडलं, पण चित्र एकदम येत नव्हतं, वरून खाली एकेक पट्टी उतरत होती. आधी नुसतं आकाश आलं. मग शेंडी आली. मग कपाळ.

"आ रहे हैं, पंडितजी, आ रहे हैं," दुकानदार म्हणाला.

नाक आलं, मिशा आल्या, आणि मग खांदे. काकांनी डोळे मिटून घेतले. जानवं उजव्या खांद्यावर होतं.

मधुवंतीने मात्र डोळे मिटले नाहीत. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. काकांचं तोंड उजवीकडे होतं. पायऱ्या कापून टाकल्या होत्या, खालचा कोपराही कापला होता आणि त्याबरोबर तिचं नाव गेलं होतं. त्या जागी बारीक अक्षरात संकेतस्थळ बनवणाऱ्या दिल्लीच्या माणसाचं नाव छायाचित्रकार म्हणून होतं. फोटो तिचाच होता, आरशात धरल्यासारखा उलटा केलेला. का, तेही दिसत होतं. उजव्या बाजूला हॉटेलचा मजकूर होता आणि काका त्या मजकुराकडे बघायला हवे होते. मूळ फोटोत ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले असते.

हे चित्र हॉटेलपर्यंत कसं पोचलं हे तिला लगेच आठवलं. मागच्या वर्षी हॉटेलला पत्रक छापायचं होतं, म्हणून तिने काही फोटो दाखवायला दिले होते. पसंत नाहीत म्हणून ते परत आले. निगेटिव्ह कुणाच्या हातात द्यायची नाही, हा नियम तिने कधी मोडला नव्हता. प्रत्येक फोटोच्या पाठीवर ती आपला शिक्काही मारत असे. पण स्कॅनरला पाठ दिसत नाही, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

खरी अडचण पुण्यात होती. नरहर केळकर नावाचे प्रकाशक तिच्या फोटोंचं पुस्तक काढत होते, तिचं पहिलंच. मुखपृष्ठावर हाच फोटो होता, आणि हे चित्र आधी कुठेही, कुणाच्याही नावाने प्रसिद्ध झालेलं नाही असं तिने करारात लिहून दिलं होतं. मुखपृष्ठ आठवड्याभरात छपाईला जायचं होतं. ती गप्प बसली असती तर बहुधा पुण्यात कुणाला काही कळलं नसतं. तिने गोदौलियाहूनच त्यांना फोन लावला.

नरहरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की फोटो तिचा आहे याबद्दल त्यांना शंका नाही, पण उद्या दिल्लीच्या माणसाने नोटीस पाठवली तर छापलेल्या प्रती गोदामात पडून राहतील, आणि तेवढं त्यांना झेपणार नाही. हॉटेलने लेखी द्यावं की चित्र मधुवंती सप्रेचं आहे. ते आलं तर मुखपृष्ठ छपाईला जाईल. नाही आलं तर पुस्तक थांबेल, आणि थांबलेलं पुस्तक पुन्हा केव्हा उठतं याचा भरवसा नाही.

"मुखपृष्ठ बदलता येणार नाही का?" तिने विचारलं.

"येईल की. पण पुस्तक मी त्या फोटोमुळे घेतलंय, मधुवंतीताई. उरलेले त्याच्या मागून आलेत."

त्याच दुपारी ती निगेटिव्ह आणि फोटो घेऊन छावणीच्या बाजूला असलेल्या त्या हॉटेलात गेली. मालक गोपीनाथ सेठ स्वतः भेटले. माणूस तोंडाचा गोड होता. त्यांनी लस्सी मागवली, फोटो पाहिला, वाहवा केली, आणि हा वेगळा फोटो आहे असं सांगितलं. त्यांच्या पंडितजींचं तोंड उजवीकडे, हिच्या पंडितजींचं डावीकडे. दिल्लीच्या माणसाने हे काम स्वतः येऊन, स्वतः कॅमेरा लावून केल्याचं त्यांना सांगितलं होतं आणि सेठांनी ते मानलं होतं. एक पंडित, एक घाट, रोज एकच वेळ. दहा जण फोटो काढतील, दहाही सारखेच दिसतील.

मधुवंतीने ओंजळीतून गळणारे थेंब दाखवले. दोन्हीकडे तेच थेंब, त्याच ओळीत. सेठ म्हणाले, पाणी म्हटलं की असंच गळतं. ती उठली आणि तिने दिवाणखान्यातल्या मोठ्या आरशासमोर आपला फोटो धरला. आरशात काकांचं तोंड उजवीकडे झालं, हुबेहूब पडद्यावरच्यासारखं.

सेठांनी आरशात पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"आईने का क्या है, बहनजी. आईने में तो हम भी बाएँ हाथ से खाते हैं."

नोकर हसले. मधुवंतीलाही हसू आलं, आणि त्याचाच तिला राग आला. ती रिकाम्या हाताने परत आली.

संध्याकाळी ती पाध्यांकडे बसली होती. काका तिच्यावर रागावले आहेत की तिच्यासाठी, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं. एवढी शिकलेली तू, फोटोला कुलूप कसं लावलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. तिने जमेल तसं सांगितलं. पडद्यावर ठेवायचा फोटो मुळात लहानच द्यायचा, म्हणजे कुणी छापायला घेतला तर त्याचे चौकोन दिसतात. शेजारच्या निगेटिव्ह कापून वेगळ्या करायच्या नाहीत, म्हणजे आधीचा आणि नंतरचा क्षणही आपल्याकडेच आहे हे दाखवता येतं. दाखवायला दिलेल्या फोटोंची पोच घ्यायची. आणि नाव कोपऱ्यात नाही लिहायचं, मधोमध, आरपार, फिकट अक्षरात. त्याला वॉटरमार्क म्हणतात.

"वॉटरमार्क म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या पुराची रेघ आहे घाटावर, तशी?" काकांनी विचारलं.

"साधारण तशीच. पाणी इथवर आलं होतं हे कुणाला नाकारता येऊ नये म्हणून."

"आणि ती रेघ माझ्या छातीवरून काढणार तू?"

"तुमच्या छातीवरून कापायला कोण धजेल, काका?"

काकांना ते आवडल्यासारखं वाटलं. हे सगळं पुढच्या फोटोंसाठी होतं. या फोटोचं काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

मधेमधे फोन वाजत होता. नागपूरच्या आत्याने बातमी पुण्याला आणि इंदूरला पोचवली होती, आणि आता माणसं सांत्वनाला फोन करत होती. अण्णांनी फोन खाटेजवळ ओढून घेतला होता आणि प्रत्येक फोन ते स्वतःच उचलत होते. इतक्या वर्षांत इतक्या नातेवाइकांनी त्यांची आठवण काढली नव्हती. इंदूरच्या एका पुतण्याने तर त्यांच्याशीच बोलताना, अण्णांना शेवटी त्रास झाला का, असं विचारलं. थोडा झाला, पण चहा घेतल्यावर बरं वाटलं, असं अण्णांनी सांगितलं.

पुतण्याला पटेना. फोटोचं काय, असं तो विचारत राहिला. अण्णांचा आवाज चढला.

"अरे, मी आहे तोवर ढुंढीचं जानवं उजव्या खांद्यावर जात नाही. तसा फोटो काढणार कोण? असा फोटो असूच शकत नाही. ठेव फोन."

मधुवंती उठून उभी राहिली.

"अण्णा, आत्ता काय म्हणालात ते परत सांगा."

"ठेव फोन म्हणालो."

"त्याच्या आधीचं."

अण्णांनी परत सांगितलं. ते ऐकून काकांनीही मान वर केली. गोपीनाथ सेठ दुपारी म्हणत होते की हा वेगळा फोटो आहे. तो वेगळा फोटो कधी काढताच आला नसता, आणि त्याचं कारण समोर खाटेवर बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन रिक्षा छावणीकडे गेल्या. अण्णांना न्यायचं नव्हतं. पुरावा घरी ठेवून वकील कुठे जातो का, असं विचारून त्यांनी शाल मागितली आणि काठी घेऊन ते आधी रिक्षात जाऊन बसले. रस्ताभर ते ओळखीच्या लोकांना हात दाखवत होते. त्यातल्या दोघांनी त्यांना पाहून रस्त्यातच हात जोडले, कारण बातमी गल्लीतही पोचली होती.

गोपीनाथ सेठांनी एवढा वृद्ध शास्त्री दारात पाहिल्यावर वाकून नमस्कार केला आणि खुर्ची स्वतः पुढे ओढली. मधुवंतीने या वेळी थेंब दाखवले नाहीत, ती आरशापाशीही गेली नाही. तिने सेठांना त्यांच्या संगणकावर पान उघडायला लावलं आणि सांगितलं की त्यांचं म्हणणं तिला मान्य आहे, हा फोटो वेगळा आहे. फक्त पंडितजींचं जनेऊ कुठल्या खांद्यावर आहे ते एकदा त्यांनी पाहावं.

सेठ बनारसचेच होते. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या काकांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. दाहिना कंधा, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग अण्णांकडे वळले.

"महाराज, ये आपके बेटे हैं?"

"पैदा हुए तब से."

"और आप..." सेठांना पुढचं विचारवेना.

अण्णांनी त्यांची सुटका केली. "देखो सेठ, दो ही बातें हैं. या तो मैं मर गया हूँ, या तसवीर उलटी है. आप तय कर लो. मुझे जल्दी नहीं."

सेठांची नजर चित्राच्या खाली गेली. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं की विवाहसोहळ्यांसाठी प्रशस्त हिरवळ उपलब्ध आहे, मंडपासह. फोटो वेगळा असेल तर त्यांनी लग्नाच्या जाहिरातीवर श्राद्धाचं चित्र लावलं होतं. फोटो उलटा असेल तर तो या मुलीचा होता. यात तिसरा मार्ग असता तर तो सेठांना सापडला असता, कारण ते हुशार होते.

"सराध की तसवीर लगाकर बारात बुला रहे हैं हम," ते शेवटी म्हणाले. "तभी इस साल लगन में कोई पूछने नहीं आया."

त्यांनी टाइप करणाऱ्याला बोलावलं. दिल्लीच्या माणसाबद्दल त्यांनी जे शब्द वापरले ते अण्णांना ऐकू आले नाहीत, हे बरं झालं. मग पत्राच्या शब्दांवर बराच वेळ गेला. सेठांना 'भूल से' हवं होतं. मधुवंतीने ते राहू दिलं. तिला 'न विचारता' हवं होतं, ते सेठांना खटकत होतं. भूल झाली म्हणजे विचारलं नाही हे त्यात आलंच, असा त्यांचा मुद्दा होता. तिने सांगितलं की विचारूनही भूल होते, त्यांनी तर विचारलंही नाही. अण्णांनी मान डोलावली, तशी सेठांनी ते शब्द घालायला सांगितले. फोटो मधुवंती सप्रे यांनी काढलेला आहे, त्यांचं नाव कापून, चित्र उलटं करून, त्यांना न विचारता भूल से वापरलं गेलं, ते आजपासून काढण्यात येत आहे. सेठांनी सही केली आणि शिक्का मारला. साक्षीदार म्हणून अण्णांनी सही केली, आणि हातात पेन आहेच म्हणून खाली तारीख आणि तिथीही घातली.

हे झाल्यावर सेठ अवघडून बसले. संकेतस्थळाचं पान आता रिकामं दिसणार होतं. सुलट फोटो मिळेल का, असं त्यांनी विचारलं, या वेळी रीतसर. मधुवंतीने सांगितलं की मिळेल, पण लहान आकारात, आणि नाव मधोमध असेल.

"बीच में? पंडितजी के ऊपर?" सेठांनी काकांकडे आशेने पाहिलं.

"रहने दीजिए ऊपर," काका म्हणाले. "और जनेऊ के नीचे नहीं जाना चाहिए, मधू. नाव वर घे थोडं."

पत्र तिथूनच फॅक्सने पुण्याला गेलं. तासाभराने मधुवंतीने गोदौलियाहून फोन लावला तेव्हा नरहरांच्या हातात कागद होता. मुखपृष्ठ प्रेसला पाठवतो, असं त्यांनी आधी सांगितलं आणि मग त्यांना राहवलं नाही. पत्र चोख आहे, पण एवढं स्पष्ट लिहून द्यायला हॉटेलवाले तयार झाले कसे? आणि साक्षीदार म्हणून सही केलेले हे दिनानाथ पाध्ये कोण?

"फोटोतल्या काकांचे वडील."

"फोटो काढला तेव्हा ते घाटावर होते का?"

"नाही. घरी झोपले होते."

"मग ते साक्षीदार कशाचे?"

"ते आहेत, याचे," मधुवंती म्हणाली, आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागली. नरहर मधेच हसायला लागले, तसं तिला थांबावं लागलं.